वर्गणीवर लढलेला उमेदवार

बुरोंडी (जि. रत्नागिरी) : हर्णै आणि दाभोळ या दोन जुन्या बंदरांच्या मधल्या किनाऱ्यावर बुरोंडी हे मच्छीमारांचे गाव वसले आहे. टेकडीवरचा परशुरामाचा पुतळा पाहायला येणारे पर्यटक आता या गावाला ओळखतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या पट्ट्याची ओळख मासळी आणि माणसे यांच्या वाहतुकीची होती. मासळीच्या टोपल्या डोक्यावरून घाटीने वर बाजाराला जात, आणि माणसे होडीने, पुढे आगबोटीने मुंबईला जात. त्या टोपल्या वाहणाऱ्यांत दापोलीजवळच्या वणंद गावचे भिकू धुत्रे हे एक होते. दाभोळच्या बंदरातून ते मासळी बाजारात पोहोचवत. त्यांची मुलगी रमा ही पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पत्नी झाली.

बाबासाहेबांविषयी लिहिताना महाड, येवला, नागपूर ही गावे आपसूक लेखणीत येतात. राज्यघटनेचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, धर्मांतराचे प्रणेते या त्यांच्या रूपांविषयी विपुल लिहिले गेले आहे. मतपेटीसमोर उभा राहिलेला एक उमेदवार हे त्यांचे रूप त्या मानाने मागे राहिले. लोकांच्या थेट मतांवर त्यांनी तीन मोठ्या लढती दिल्या. १९३७ ची त्यांनी जिंकली, १९५२ आणि १९५४ च्या गमावल्या. तिन्ही वेळा समोर काँग्रेस होती. तिच्या पाठीशी देशभर पसरलेली संघटना, वृत्तपत्रे आणि उद्योगपतींच्या देणग्या होत्या. बाबासाहेबांच्या पाठीशी गिरणीतला, गोदीतला, झाडलोटीच्या कामावरचा कामगार होता, आणि त्याच्या पगारातून निघेल तेवढी वर्गणी. त्या कामगारांत मोठा भरणा कोकणातल्या माणसांचा होता. म्हणूनच ही कथा रत्नागिरी जिल्ह्यातून सांगावयास हवी.

आंबेडकर घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह दापोलीला आले. दापोली ही लष्करातून निवृत्त झालेल्यांची वसाहत. कॅम्प दापोली हे तिचे नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. महार पलटणींतले अनेक निवृत्त सैनिक येथे पेन्शनवर राहत. लिहिता-वाचता येणारी, सरकारदरबारी अर्ज करण्याची सवय असलेली ही मंडळी होती. त्यांच्यातलेच एक गोपाळबाबा वलंगकर. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या वलंगकरांनी येथून अनार्य दोष परिहारक मंडळी चालवली आणि अस्पृश्यांच्या लष्करभरतीवरील बंदीविरुद्ध सरकारकडे विनंतीपत्र पाठवण्याचा उद्योग केला. सनदशीर मार्गाने, कागदावर सही करून हक्क मागण्याची ही रीत भीमरावाच्या जन्माच्या आसपास या तालुक्यात रुजली होती.

रामजींना महिना पन्नास रुपये पेन्शन होती. मोठ्या कुटुंबाला ती पुरत नसे. त्यांनी साताऱ्याकडे नोकरी धरली आणि कुटुंब दापोलीहून हलले. साताऱ्यातच आई भीमाबाईंचे निधन झाले. पुढे सकपाळ-आंबेडकर कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. १९०६ साली भीमराव आणि रमा यांचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची विक्री संपल्यावर रात्री लागले. मासळीबाजाराची ती जागा आणि ते भायखळा लक्षात ठेवावयास हवे. एकतीस वर्षांनी हाच नवरदेव त्याच भायखळा-परळ मतदारसंघाचा आमदार होणार होता.

शिक्षणाची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही. पैशाचा धागा मात्र सोडून चालणार नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना महिना पंचवीस रुपये आणि पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. ती मुदत संपल्यावर लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिलकीत टाकलेली रक्कम, पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत अशी जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्या काळच्या एका प्रतिष्ठित मराठी वृत्तपत्राने तर पैसे घेऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापण्याचे नाकारले होते. १९२७ मध्ये सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. निधीसाठी वाचकांना आवाहन करूनही पुरेसा पैसा जमला नाही आणि दोन-अडीच वर्षांत ते पत्र बंद पडले. राजकारणात विचार असून भागत नाही, त्यासाठी छपाईचे बिल भरावे लागते, हा धडा त्यांना निवडणुकीच्या पुष्कळ आधी मिळाला होता.

मताचा हक्क आणि पैसा यांचा संबंध त्यांनी त्याहूनही लवकर ओळखला होता. १९१९ मध्ये मताधिकाराच्या चौकशीसाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्या वेळी मत हे मालमत्ता, शेतसारा किंवा घरभाडे यांना बांधलेले होते. ज्याच्याजवळ काही नाही त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याच्याजवळ काही येण्याची सोय नाही, असा तो फेरा होता. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणावी आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडता यावेत, ही मागणी त्यांनी तेव्हापासून लावून धरली. १९२७ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून.

सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यांपैकी १५ मुंबई प्रांतात होत्या. मात्र विभक्त मतदारसंघ गेले. त्याऐवजी आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची नावे ठरवायची आणि मग सर्व मतदारांनी त्यांतून एक निवडायचा, अशी दुहेरी पद्धत आली. ज्या समाजातील उमेदवाराला एक निवडणूक लढवण्याचा खर्च झेपत नव्हता, त्याच्यापुढे दोन लढती येऊ शकत होत्या. शिवाय अंतिम निवड बहुसंख्याकांच्या हाती होती. या दुसऱ्या मुद्द्यावर बाबासाहेबांनी आयुष्यभर लिहिले.

भायखळ्याची लढत

१५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. नावातच पक्षाचा पाया जातीपुरता न ठेवता श्रमिकांचा करण्याचा हेतू दिसतो. उमेदवारांच्या यादीतही तो दिसला. रत्नागिरी जिल्ह्यातून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर, कुलाब्यातून सुरबानाना टिपणीस असे सवर्ण कार्यकर्ते पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले. चित्रे आणि टिपणीस हे १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासूनचे सहकारी.

पक्षाने सतरा उमेदवार उभे केले. सतराच का, याचे एक साधे कारण साधनांची मर्यादा हे असावे, असे त्या यादीकडे पाहून वाटते. काँग्रेसच्या निवडणूक यंत्रणेची सूत्रे वल्लभभाई पटेल यांच्या हाती होती आणि मुंबईच्या व्यापारी वर्गातून निधी उभारण्यात त्यांचा हातखंडा होता. स्वतंत्र मजूर पक्षाकडे ‘जनता’ हे साप्ताहिक होते, परळच्या दामोदर हॉलमधले कार्यालय होते, समता सैनिक दलाचे तरुण स्वयंसेवक होते आणि जलसे होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे जलसे हे या प्रचाराचे खरे साधन. एक ढोलकी, चार माणसे आणि चाळीचे पटांगण एवढ्यावर सभा उभी राहत असे. गाणे झाले की वर्गणीचे ताट फिरे. ज्या श्रोत्याला पत्रक वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत उमेदवाराचे नाव सुरात पोहोचत असे, आणि छापखान्याचे बिलही येत नसे.

स्वतः बाबासाहेब मुंबईतील भायखळा आणि परळ या मतदारसंघातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर जो उमेदवार दिला त्याची निवड चातुर्याची होती. पळवणकर बाळू हे हिंदू जिमखान्याचे विख्यात फिरकी गोलंदाज. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांनी नाव कमावले होते. चर्मकार समाजातला हा माणूस स्वतःच्या गुणांवर सवर्णांच्या संघात गेला. अस्पृश्य तरुणांच्या पिढ्यांना त्याचा अभिमान वाटे. पुणे करारावर बाळूंचीही सही होती. काँग्रेसला बाबासाहेबांसमोर पैसा आणि संघटना या दोन्हींबरोबर एक लाडके नावही उभे करता आले.

निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली होती. दोन हजारांचा फरक. हा विजय कसा शक्य झाला, याचे उत्तर केवळ लोकप्रियतेत शोधून पुरत नाही. मतदानाच्या नियमातही ते आहे. त्या वेळी मुंबई प्रांतात एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. संख्येने थोडे असलेले, पण एकजुटीने वागणारे मतदार आपली सर्व मते एका नावावर ओतू शकत. परळच्या चाळींतील मतदारांनी तेच केले. गरिबाजवळ मोजकीच मते होती, पण ती एका जागी साठवता येत होती. या एका सोयीने समोरच्याच्या पैशाचे बळ बरेच कमी झाले.

प्रांतात काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. स्वतंत्र मजूर पक्षाने सतरापैकी चौदा जिंकल्या. काही चरित्रकार हा आकडा पंधरा देतात. चित्रे, परुळेकर आणि टिपणीस तिघेही निवडून आले. कोकणाने या पक्षाला राखीव जागांच्या पलीकडे मते दिली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

त्या मतांची परतफेड लवकर झाली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती पद्धती रद्द करणारे विधेयक मांडले. रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्याला खोत म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला हा वसुलीदार पिकाचा मोठा वाटा घेई आणि वर वेठही करवून घेई. कुणबी, महार, आगरी अशी सर्वच कुळे त्याच्या हाताखाली होती. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. मोर्चासाठी माणसे बोटीने आली, पायी आली, स्वतःची भाकरी बांधून आली. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने विधेयकाला वाट दिली नाही. खोती अखेर गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. तो कायदा काँग्रेसच्याच सरकारने केला, हेही नोंदले पाहिजे.

त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. श्रीपाद अमृत डांगे आणि बाबासाहेब त्या दिवशी एकाच बाजूला उभे होते. चौदा वर्षांनी ते चित्र राहिले नाही.

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४५-४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा जवळजवळ सफाया झाला. काँग्रेस स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभी होती आणि फेडरेशन तर नवीनच होते. घटना समितीत जाण्यासाठी मुंबईतून वाट उरली नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नाने ते बंगालमधून निवडून गेले. पुढचा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

स्वतःच आणलेला कायदा

स्वातंत्र्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक ज्या कायद्याखाली झाली, तो १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा संसदेत मांडून पार नेण्याचे काम कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांकडे होते. हा कायदा रूक्ष आहे, पण निवडणुकीतल्या पैशाचा प्रश्न ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने तो वाचावा. उमेदवाराने खर्चाचा हिशेब दाखल करावा, खर्चावर कमाल मर्यादा असावी, ती ओलांडणे हे भ्रष्ट आचरण मानावे, हिशेब न देणाऱ्यास अपात्र ठरवावे, अशी चौकट त्यात घातली गेली. लोकसभेच्या एका जागेच्या मतदारसंघासाठी बहुतेक राज्यांत ही मर्यादा २५ हजार रुपये ठरली. मतदारांना केंद्रावर आणण्यासाठी भाड्याने वाहन घेणे हेही भ्रष्ट आचरण ठरवले गेले. वाहनाबरोबर जलवाहनाचाही त्यात उल्लेख आहे. किनाऱ्यावरच्या वाचकाला तो वाचून बरे वाटेल. होडी करून मतदार आणणारे त्या काळी होतेच.

लोकसभेसाठी अनामत रक्कम पाचशे रुपये होती, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास तिच्या निम्मी. अनामतीचे आकडे पुढे वाढत गेले, २५ हजारांपर्यंत पोहोचले, पण निम्म्याची ही सवलत आजही कायम आहे. खर्चमर्यादेचे मात्र वेगळेच झाले. पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले, आणि लगेच कायदा बदलून तो खर्च बाहेर काढण्यात आला. तेव्हापासून उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा २०२२ मध्ये ९५ लाख झाली. देणगीदाराचे नाव झाकणारी निवडणूक रोखे योजना २०१८ मध्ये आली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. १९५१ च्या चौकटीत उमेदवाराकडे बारकाईने पाहिले गेले होते. पक्षाच्या तिजोरीकडे पाहण्याचे काम मागे राहिले, आणि त्याची किंमत पुढे लहान पक्षांनीच अधिक मोजली.

याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते राहतील, परंतु एका उमेदवाराला एकच मत देता येईल. १९३७ मध्ये भायखळ्यात जी मुभा होती ती आता संपली. परळच्या मतदाराला आपली दोन्ही मते बाबासाहेबांना देता येणार नव्हती. त्यांना निवडून यायचे तर दुसऱ्या पक्षांच्या, दुसऱ्या जातींच्या मतदारांचे दुसरे मत हवे होते.

कायदा संसदेने जुलै १९५१ मध्ये संमत केला. सप्टेंबरच्या अखेरीस, हिंदू कोड बिलाचा प्रश्न मुख्यत्वे निमित्त होऊन, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अवघ्या तीन महिन्यांनी ते त्याच कायद्याखाली, ज्या सरकारचे मंत्री होते त्याच्याच पक्षाविरुद्ध उमेदवार होते.

उत्तर मुंबई, जानेवारी १९५२

मुंबई शहर (उत्तर) हा दोन जागांचा मतदारसंघ होता. त्यांतील एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला. सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. दोन्ही पक्षांच्या मतदारांनी एक मत मेहतांना आणि एक बाबासाहेबांना द्यावे, असा तो हिशेब होता. काँग्रेसकडून विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर उभे होते. काजरोळकर चर्मकार समाजाचे, काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. पळवणकर बाळूंच्या वेळचाच डाव काँग्रेसने पुन्हा मांडला होता. याशिवाय कम्युनिस्ट पक्षाचे डांगे सर्वसाधारण जागेवर रिंगणात होते.

बाबासाहेबांची प्रकृती तोवर खालावली होती. मधुमेहाने आणि सांधेदुखीने त्यांना ग्रासले होते. नोव्हेंबरात ते मुंबईत आले, शिवाजी पार्कवर प्रचंड सभा झाली, पण गल्लीबोळांत फिरणे त्यांना शक्य नव्हते. हे काम स्वयंसेवकांनी आणि जलसेवाल्यांनी उचलले. मतपेट्या तेव्हा उमेदवारनिहाय वेगळ्या असत आणि प्रत्येकीवर चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, फेडरेशनचा हत्ती. निरक्षर मतदाराला चिन्ह ओळखायला शिकवणे हाच प्रचाराचा मोठा भाग होता. त्यासाठी घरोघर जाणारी माणसे लागतात. काँग्रेसकडे पैसा होता आणि सत्ताही होती. पंतप्रधान नेहरूंनी देशभर प्रचाराचा झंझावात उठवला होता, त्यांच्या नावाला पर्याय नव्हता.

३ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत मतदान झाले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी पुढे गेले. गांधीही निवडून आले, मेहता पडले. मोजणीत सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्याचे दिसून आले. पराभवाच्या फरकाच्या कित्येक पट ही संख्या होती. डांगे यांच्या समर्थकांनी दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकून दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार केला, असा आरोप बाबासाहेब आणि मेहता यांनी केला आणि निवडणूक रद्द करावी म्हणून अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. आपण संसदेत मांडलेल्या कायद्याच्या आधारे न्याय मागणारा हा अर्जदार हरला, तो निकाल त्याने मान्य केला.

या पराभवाचे खापर एकट्या डांग्यांवर फोडणे सोपे आहे. बाद मतांचा आकडा तसे सुचवतोही. पण काँग्रेसचे दोन्ही उमेदवार निवडून आले, याचा अर्थ त्यांच्या मतदारांनी दोन्ही मते एका शिस्तीने टाकली. ती शिस्त पैशाने पोसलेल्या संघटनेतून येते. समाजवादी-फेडरेशन युतीला मात्र आपापल्या मतदारांना दुसऱ्याच्या उमेदवारापर्यंत नेणे पूर्णपणे जमले नाही. परळ-भायखळ्याच्या पलीकडे पसरलेल्या एवढ्या मोठ्या मतदारसंघात वर्गणीवर चालणारा प्रचार पुरा पडला नाही, हे मान्य करावे लागते.

त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. तेथे आमदार पसंतीक्रमाने मत देतात आणि ते मत एकाकडून दुसऱ्याकडे वळते. लहान गटाला वाट सापडू शकेल अशी ती पद्धत आहे. पण लोकसभेत जाण्याची इच्छा त्यांनी सोडली नव्हती.

भंडाऱ्याचे दुसरे मत

१९५४ मध्ये भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. हाही दोन जागांचा मतदारसंघ. पुन्हा सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब. काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार भाऊराव बोरकर होते. मुंबईपासून दूर, विदर्भाच्या त्या उन्हाळ्यात प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेबांनी सभा घेतल्या. नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर त्यांनी कडक टीका केली.

येथे एक प्रसंग घडला तो या सर्व कथेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपल्या मतदारांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये. तसे केले तर समोरच्या कोणाच्या मतांत भर पडणार नाही आणि बाबासाहेब येण्याची शक्यता वाढेल. मुंबईत आपल्यावर जे उलटले तेच हत्यार आता आपण वापरावे, असे त्यांना वाटत होते. कायद्याने त्याला बंदी नव्हती. मत देणे न देणे हा मतदाराचा हक्क आहे.

बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. घटना तयार करणाऱ्या माणसानेच मत वाया घालवा असे सांगणे त्यांना पटणारे नव्हते. त्यापेक्षा पराभव चालेल, अशी त्यांची भूमिका होती. फेडरेशनच्या मतदारांनी दोन्ही मते वापरली. त्यांतले दुसरे मत मेहतांकडे गेले.

मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. फेडरेशनच्या मतदाराने दिलेला शब्द पाळला, समोरून तितकी परतफेड झाली नाही. ज्यांच्याकडे देण्यासारखे केवळ मत होते त्यांनी ते पूर्ण दिले, आणि त्या बदल्यात काही पदरात पडले नाही. त्या रात्री नागपूर-भंडाऱ्याच्या वस्त्यांतून काय वाटले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

लोकसभेच्या सभागृहात निवडून आलेला खासदार म्हणून बाबासाहेब कधीच बसले नाहीत. शेवटची दोन वर्षे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गेली. छपाईचा खर्च मोठा होता. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. ज्या माणसाने सरकारचा कायदेविभाग चालवला, त्याला आयुष्याच्या अखेरीस पुन्हा छपाईच्या बिलाचीच विवंचना होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

चारच महिन्यांत १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक पार पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर सगळे विरोधी पक्ष समितीच्या झेंड्याखाली आले होते आणि त्यांत फेडरेशनही होते, कम्युनिस्ट आणि प्रजासमाजवादीही होते. या वेळी मते खरोखर एकमेकांकडे वळली. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. कोकणात राजापूरमधून बॅ. नाथ पै काँग्रेसचा पराभव करून निवडून आले.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. १९६२ च्या निवडणुकीत राखीव जागेच्या मतदारसंघातही मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका आली.